शेजारची जागा

पंचाहत्तर सालच्या सुमारास नेमबाजीच्या मैदानावर भोसरीचा एक कामगार दर रविवारी माझ्या शेजारी असे. रायफलीची काडतुसं तो घरी स्वतः भरी. प्रत्येक बार सारखा उडावा म्हणून रिकामी कवचं एकाच घाण्यातली, म्हणजे कारखान्यात एका खेपेला बनलेली घेई आणि बंदुकीची दारू एकाच डब्यातली.

निवड स्पर्धेच्या सकाळी त्याच्या काडतुसांत एक परकं कवच निघालं. तो येरझारा घालू लागला.

"भाऊ, तेवढं काढा आणि बाकीची मारा की! वर्षभर याचीच वाट बघताय," मी वैतागून म्हटलं.

"कवच मिसळलं, मग दारू मिसळली नसेल कशावरून? नेम चुकला तर माझे गुण जातील, राव. रायफल फुटली तर शेजारचाही जाईल."

स्पर्धा सोडून तो निघून गेला. मी नेम धरला आणि त्याच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. शेजारचा मीच होतो.