ताट वाजलं तेव्हा कोण कोण दचकलं

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, संध्याकाळ. हजर: मी, सासूबाई, माझी धाकटी जाऊ, तिची अडीच वर्षांची मुलगी आणि हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या दोघी. गैरहजर: मुलीचे वडील, म्हणजे माझे धाकटे दीर. कारखान्याचा हंगाम चालू होता, त्यामुळे ते ड्युटीवर.

ही मुलगी आमच्या घरात फार गुणाची म्हणून प्रसिद्ध होती. मिक्सर लावला तरी तिची झोपमोड होत नसे. दारावरून उसाचे ट्रॅक्टर कर्णे लावून, गाणी वाजवत जात, ही ढिम्म. "असं शांत लेकरू सोनईत दुसरं न्हाई," असं सासूबाई येईल त्याला सांगत.

बोलत मात्र नव्हती. काही हवं असलं की हात धरून न्यायची, आणि आम्ही ते तिच्या हातात ठेवायचो. त्यावर वेखंड उगाळून चाटवणं आणि शिर्डीची उदी, दोन्ही चालू होतं.

"तिचा बापबी लई उशिरा बोलला," सासूबाई म्हणाल्या.

"अजून कुठं बोलतात, आत्याबाई?" जाऊ म्हणाली.

मागून हाक मारली तर मुलगी वळत नाही, हे मी बरेच दिवस बघत होते. म्हणून म्हटलं, "हिचे कान एकदा तपासून घेऊ या."

सासूबाईंनी हातातली केळी खाली ठेवली. "म्हंजे माझी नात बहिरी हाय, असं म्हनायचंय का तुला?"

त्यांनी आरतीचं ताट मोकळं केलं, पळी घेतली, मुलीच्या पाठीमागे गेल्या आणि एक दणका दिला. आम्ही सगळ्या दचकलो. एका शेजारणीच्या साडीवर दूध सांडलं. आणि मुलगी चटकन मागे वळली.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, आणि जिंकल्याच्या आनंदात आणखी एक दणका दिला.

मलाही हायसं वाटलं. पण मला राहून राहून वाटत होतं, मुलीनं आधी दूध सांडलेल्या शेजारणीकडे बघितलं होतं. आम्ही सगळ्या तिच्या समोर बसलो होतो. आमचे डोळे जिकडे वळले, तिकडे तीही वळली.

"परत करू," मी म्हटलं. "या वेळी कुणी दचकायचं नाही."

हे सांगणं सोपं. ताट वाजायच्या आधीच एक शेजारीण फिसकन हसली, तिला बघून मुलगीही हसली. शेवटी मी मुलीला केळं देऊन उंबऱ्याजवळ, अंगणाकडे तोंड करून बसवलं आणि बाकीच्यांना तिच्या पाठीमागे देवाकडे तोंड करून, हात जोडून उभं केलं. आमच्या बायका फक्त तेव्हाच गप्प राहतात.

सासूबाईंनी ताट वाजवलं. मुलगी केळं खात राहिली. त्यांनी जोरात वाजवलं. ती केळं खात राहिली. त्या वाजवतच राहिल्या, इतक्या की शेजारच्या ओसरीवरून विचारणा झाली, "सरकारनं परत ताटं वाजवाय सांगितलं का काय?"

सासूबाई खाली बसल्या. पळी ताटात ठेवून म्हणाल्या, "मग मी रोज निजवताना गानं म्हनते, ते?"

"ती तुमच्या तोंडाकडं बघत असते, आत्याबाई," जाऊ म्हणाली. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिनं सकाळची नगरची एसटी किती वाजता आहे ते विचारलं.

नगरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. दोन्ही कानांना खूपच कमी ऐकू येतं, जितक्या लवकर मशीन लागेल तितकं बरं, आणि बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे नेमानं न्यायचं. मशीन बसवून घरी आलो, मी मिक्सर लावला आणि मुलीनं भोकाड पसरलं. जाऊ हसत होती आणि डोळे पुसत होती. "गुनाचं लेकरू बिघडवलं तुमी," सासूबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्यांदा मिक्सर त्यांनीच लावला.

तिच्याशी समोरून, चेहरा दिसेल असं बोलायचं, हे त्या बाईंनी पक्कं बजावलंय. तेव्हा लक्षात आलं की आमच्या घरात सगळं बोलणं स्वयंपाकघरात होतं, ओटा भिंतीला लागून आहे, आणि आम्ही दिवसभर भिंतीशीच बोलतो. ओटा फिरवायचा ठरलाय. मिस्त्री येऊन माप घेऊन गेला; अजून उगवलेला नाही. उद्या त्याला परत फोन करायचा आहे.