आक्काने न केलेली सही

रक्तपेढीतल्या आक्काला नावाने कोणी हाक मारीत नसे. बावीस वर्षे तिने दात्यांच्या नोंदी राखल्या. पाच संगणकांवरून पाच जण एकच फाइल उघडत, आणि तिची राखण आक्काकडे. कोणाचा गट दुर्मीळ, कोण हाकेसरशी धावून येतो, सारे त्या फाइलीत. ज्याने आपले रक्त दिले त्याचे नाव आपल्या हातून हरवावे, यापरते पाप नाही, असे ती मानी. आणि मानी ते पाळी.

त्या महिन्यात फाइल तीनदा बिघडली. नावे गेली, अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी उभ्या राहिल्या. प्रमुख डॉक्टरांनी आवाज न चढवता बदलीचे पत्र पुढे केले. टंकयंत्रावर घडलेली बोटे आता थकली, भांडारात बाटल्या मोजा, असा त्याचा मथितार्थ. सही सोमवारपर्यंत हवी.

धाकट्या बहिणीने घरी समजावले, भांडारात गादीची खुर्ची आहे, पंखा आहे, घे की सुख. आक्का म्हणाली, "गादीवर बसून दोषी ठरण्यापेक्षा मी उभी बरी."

दोषी ती नव्हतीच. फाइल बिघडली की ती आधी सर्वांना फाइलीबाहेर काढी, प्रत घेई, दुरुस्ती प्रतीवरच करी आणि कागदी अर्जांशी एकेक दाता ताडून पाही. पण त्याहून आधी आणखी एक काम. मोठी फाइल उघडली की शेजारी एक इवली फाइल आपोआप जन्मते. आत कोणकोणते संगणक आहेत, ते तीत लिहिलेले असते. इतर जण ती कचरा म्हणून पुसत. आक्का ती वाची, वहीत उतरवी. तीन बिघाड, तीन याद्या. बाकी नावे बदलती, एक मात्र तिन्हींत अढळ: डॉक्टरांचा लॅपटॉप. चार संगणक तारेने बांधलेले, हा एकटा बिनतारी, मोकाट. डॉक्टर फाइल उघडी ठेवूनच तो काखोटीला मारीत आणि बैठकीला निघत. जिन्यात जोडणी तुटे, आणि अर्धी लिहिलेली नोंद साऱ्या फाइलीला घेऊन बुडे.

सोमवारी सर्वांदेखत तिने वही उघडून ठेवली.

"म्हणजे चूक माझी?" डॉक्टरांनी विचारले.

"ते वही सांगते, साहेब. आठ दिवस लॅपटॉप तारेला बांधा. तरी बिघडलं, तर बाटल्या मोजायला मी आपल्या पायांनी जाईन. तोवर सही नाही."

"आणि नाही बांधला तर?"

"तर चौथी यादीही मीच लिहीन."

रक्त तपासणारा तंत्रज्ञ खोकला; हसू लपवायला त्याच्यापाशी दुसरे साधन नव्हते.

लॅपटॉपला तार लागली. आठ दिवसांत एकही चौकट उगवली नाही. नवव्या दिवशी डॉक्टर तार काढून लॅपटॉप उचलणार, तोच थबकले. फाइल बंद केली. मग आक्काकडे न पाहताच म्हणाले, "आक्का, फाइलीतून बाहेर पडलोय. निघू?"

"निघा," आक्का म्हणाली. मग तिने बदलीचे पत्र उलटे केले, कोऱ्या पाठीवर ठळक लिहिले, 'फाइल बंद केल्यावाचून उठू नये', आणि डॉक्टरांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवले. भिंतीकडच्या बाजूला सहीची जागा आजही कोरी आहे.