बेटावरचे यजमान

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की वसुधाकाकू माझ्या पायांकडे बघत होत्या.

चेहऱ्याकडे नाही, हातातल्या विरजणाच्या वाटीकडे नाही. पायांकडे! तेही बोटांकडे, वाकून, चष्मा सारखा करत. आता मी कशी आहे ते आधीच सांगून ठेवते. स्वतः लावलेल्या कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते. मग घरी येऊन मी काय केलं असेल? मोबाईलवर शोधलं, 'पायाची बोटं सुजण्याची कारणं'. बघता बघता मला तीन आजार झाले, त्यातला एक तर घोड्यांना होणारा होता.

खरं दुखणं पायांचं नव्हतंच हो. जिभेचं होतं, आणि ते मी आदल्या दिवशी स्वतःच ओढवून घेतलं होतं. सांगते. हसायचं तर हसा, फक्त आईसमोर हसू नका.

झालं असं, की समुद्र चढत चाललाय आणि बेटांवरच्या देशांनी त्याला तोंड देत तगायचं कसं, यावर पीएचडी करायला पूर्ण खर्चाची एक शिष्यवृत्ती मिळते. मी गुपचूप अर्ज केला होता. उज्जैनच्या मुलीला समुद्राचं काय पडलंय? बरोबर आहे तुमचं. समुद्र मी एकदाच बघितलाय, आणि पहिली लाट आली तशी किंचाळत पळाले होते. पण एमएस्सीला मी क्षिप्रेकाठच्या विहिरींवर काम केलं होतं. त्या बेटांवर गोड्या विहिरी खाऱ्या होत चालल्यात, हे वाचल्यापासून तो विषय डोक्यातून जाईना. ज्या विहिरीचं पाणी आजी प्यायली, ते नातीला पिता येत नाही. मग माणसं काय करतात? मला खरंच जाऊन बघायचं होतं.

आणि माझी निवड झाली! एकच अट उरली. तिथल्या एका प्राध्यापकांनी मला आपल्याकडे घेतो म्हणून फोनवर पक्का होकार द्यायचा. ठरल्या सकाळी तो मिळाला नाही तर माझी जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. ईमेलवर ते तयार होते. आईला मात्र पक्कं झाल्यावरच सांगायचं ठरवलं होतं, कारण मी इंदूरला गेले तरी ती वाटेतल्या देवासला पोचले का म्हणून फोन करते.

पण आनंद पोटात राहतो का? माझ्या तर नाहीच राहत. गच्चीवर वसुधाकाकू पापड वाळत घालत होत्या.

वसुधाकाकू मूळच्या साताऱ्याच्या. काका बँकेत, बदली झाली आणि माधव नगरात आमच्या शेजारी आल्या. आमचं उज्जैनी मराठी त्यांना सहन होत नाही. मी "कोशिश करते" म्हटलं की त्या कळवळून म्हणतात, "प्रयत्न गं बाई, प्रयत्न!" त्यामुळे त्यांच्यापुढे मी शब्द निवडून बोलते. त्या प्राध्यापकांना अर्जात 'होस्ट' म्हटलं होतं. ओठावर 'मेज़बान' आला, तो गिळला. आणि मग सुचला अस्सल, शुद्ध मराठी शब्द. यजमान!

काय अभिमान वाटला मला! रामघाटावर पाय ठेवला की पूजा सांगणारे पंडे येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडतात, "आओ यजमान, इधर आओ!" म्हणजे यजमान हा कुणीतरी मानाचा माणूस, एवढंच मला ठाऊक. घरात हा शब्द मी कधी ऐकलेला नाही. आई बाबांना हाक मारते ती फक्त "अहो, ऐकलंत का?"

"काकू, मला यजमान मिळाले!"

काकूंच्या हातातला पापड हातातच राहिला. "काय सांगतेस मुक्ते! कुठले गं?"

"बेटावरचे."

"बेटावरचे म्हणजे? आपल्यातले नाहीत?"

"नाही हो, तिथलेच. फार विद्वान आहेत."

"आणि त्यांच्याकडे कोण कोण असतं?"

"आधीच्या तिघी आहेत ना! मी चौथी."

काकू पापडांवरच बसल्या. "तिघी? एकाच वेळी?"

"हो! आणि तिघींचं एकमेकींशी छान जमतं म्हणे. एकीचं तर होतच आलंय, ती निघेल आता."

"कुठे निघेल?"

"आपल्या घरी. काम संपल्यावर ते तरी कशाला ठेवून घेतील?"

काकूंनी पदराने कपाळ टिपलं. मला वाटलं, ऊन लागलं.

"मुक्ता, आईला माहीत आहे हे?"

"नाही! तुम्हीपण सांगू नका हं. आणि काकू, ते बेट बुडत चाललंय."

"अगं मग जातेस कशाला?"

"बुडतंय म्हणूनच तर जातेय!"

काकूंनी गुपित जपलं. मी जिना उतरेपर्यंत जपलं असावं.

तर, पाय बघितले गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे नेमकी फोनची सकाळ. मी खोलीत "गुड आफ्टरनून, प्रोफेसर"चा सराव करत होते. तिकडे दुपार असते ना! बाहेर येते तर आई फोनवर रामघाटाच्या पंडितजींशी बोलतेय, आणि फोनमधून त्यांचा खणखणीत आवाज येतोय.

"माताजी, शांति-पूजा हो जाएगी। यजमान का नाम-गोत्र बोलिए।"

आईने हंबरडाच फोडला. "वही तो नहीं पता, पंडितजी! यजमान का गोत्र ही नहीं पता!"

मला बघितलं आणि तिने फोन ठेवला. सोफ्यावर बाबा, शेजारी वसुधाकाकू. शिष्यवृत्तीचं कळलं वाटतं! आता नकार.

"सॉरी आई," मी रडवेली होऊन म्हटलं. "मी तुला पहले सांगायला हवं होतं."

काकूंनी 'पहले' सोडून दिलं. तिथेच मला कळायला हवं होतं, प्रकरण गंभीर आहे.

"कधीपासून चालू आहे हे?" आईने विचारलं.

"दिवाळीपासून. आधी ईमेल, मग व्हिडिओवर."

"वय काय त्यांचं?"

"असतील साठीचे. पण आई, डोंगर चढतात अजून!"

आईने देवघराकडे बघून हात जोडले. बाबा रेल्वेत हिशेबनीस, कमी बोलतात. ते घसा खाकरून म्हणाले, "मला एवढंच सांग, बेट बुडाल्यावर हा माणूस राहणार कुठे? इथे? घरजावई म्हणून?"

"घरजावई?" मी दचकले. "कुणाचा घरजावई?"

"तुझे यजमान गं!" काकू ओरडल्या. "आमच्याकडे यजमान म्हणजे नवरा!"

खोली फिरली माझ्याभोवती. तिघी. चौथी. काम संपलं की घरी. अरे देवा! आणि काकू पायात काय शोधत होत्या? जोडवी!

मी एका दमात सगळं सांगितलं. होस्ट, मेज़बान, विहिरी, शिष्यवृत्ती, सगळं. "ते माझे प्रोफेसर आहेत! मी त्यांची विद्यार्थिनी होणार आहे!"

"प्रोफेसरांची काय लग्नं होत नाहीत?" काकू म्हणाल्या.

बाबांना पटलं. आईला अर्धं. "जायचं ते जा," ती डोळे पुसत म्हणाली. "विहिरींसाठी जाणार असशील तर मी अडवणार नाही. पण त्यांचा आवाज मला ऐकायचाय. लाव फोन. स्पीकरवर. कसं बोलतेस त्यांच्याशी, तेच बघते."

घड्याळ बघितलं. वेळ झालीच होती. लावला. घंटा वाजली, वाजली, बंद झाली.

"बघा, उचलत नाहीत," काकू म्हणाल्या. "तिघींपैकी एखादीने ठेवला असेल."

पुन्हा लावला. खरखर. त्या बेटावर टॉवर म्हणे एकच, आणि तोही वाऱ्याचा मूड बघून चालतो. डोळ्यांपुढे यादीतली ती पुढची मुलगी बॅग भरायला लागली.

तिसऱ्यांदा लावला. आई माझ्या एका खांद्यावर, काकू दुसऱ्यावर, बाबा समोर श्वास रोखून. घंटा वाजतेय. मी मनात घोकतेय, गुड आफ्टरनून प्रोफेसर, गुड आफ्टरनून प्रोफेसर...

खट्ट! पलीकडून भारदस्त, शांत आवाज आला, "हॅलो?"

आणि मी अशी दचकले, अशी दचकले, की इंग्रजी उडालं, हिंदी उडालं, आफ्टरनून उडालं. जन्मापासून या घरात रोज ऐकलेलं तेवढंच उरलं, आणि सगळ्यांच्या देखत, स्पीकरवर, माझ्या तोंडून ते स्पष्ट, शुद्ध मराठीत बाहेर पडलं,

"अहो... ऐकलंत का?"