एका फोनवरच्या सहा जणी

माझा स्वभाव मुळात संशयी. दुधाच्या पिशवीवरची तारीख मी दोनदा वाचते, गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत वर येते, आणि कुणी फार गोड बोललं की याला आता काय हवंय, असा विचार आधी डोक्यात येतो. नवरा म्हणतो, तुला पोलिसांत घ्यायला हवं होतं. त्याची कोलकात्याला बदली झाल्यावर वर्षभराने मला जे काम मिळालं, त्यात हा स्वभाव चांगलाच उपयोगी पडला. एक संस्था घरातल्या म्हाताऱ्या माणसांची देखभाल कशी करावी, याचा फुकट ऑनलाइन कोर्स चालवत होती. कुणीही नाव घालावं, फोनवर धडे बघावेत, चर्चेच्या पानावर एकमेकांना विचारावं, शेवटी परीक्षा देऊन सर्टिफिकेट घ्यावं. शिकणाऱ्या बहुतेक बायका आया म्हणून काम करणाऱ्या होत्या. त्या एकमेकींकडून कशा शिकतात याचा अभ्यास आमचा तिघांचा गट करायचा. मी घरूनच काम करायचे. माझ्याकडे नावं येत नसत, नुसते क्रमांक यायचे. कोणत्या क्रमांकामागे कोण आहे हे शोधणार नाही, असं मी सही करून दिलं होतं.

कामाची रीत अशी की आधी वेळा बघायच्या, मजकूर नंतर. कोण किती वाजता आलं, कुठल्या फोनवरून आलं, किती वेळ थांबलं, प्रश्नांना कोणता पर्याय निवडला, याचे तक्ते पहिल्या फेरीत. बायकांनी काय लिहिलंय ते दुसऱ्या फेरीत. मजकूर आधी वाचला तर आपण नकळत कुणाची तरी बाजू घ्यायला लागतो, असं आमच्या प्रमुख बाईंचं म्हणणं, आणि मला ते पूर्ण पटलेलं होतं.

पहिल्याच फेरीत मला सहा क्रमांक सापडले. सहाही एकाच फोनवरून यायचे, सकाळी साडेसहा ते साडेसात याच वेळात, एकामागून एक. सहाही जणांची उत्तरं तीच, चुकासुद्धा त्याच. शेवटच्या परीक्षेतही तसंच. एकच माणूस सहा नावांनी परीक्षा देतंय, हे कुणीही सांगितलं असतं. मी सांगितलं. नीट यादी केली, वर दोन ओळींचा शेरा लिहिला आणि बाईंना पाठवली. त्यांनी ती कोर्सच्या ऑफिसला दिली आणि ऑफिसने सहाही सर्टिफिकेटं रोखली. त्या दिवशी मी खुशीत होते. संध्याकाळी नवऱ्याला मुद्दाम सगळं रंगवून सांगितलं.

आता घरातलं सांगते. सासूबाई आमच्याकडे असतात. सांगलीहून इथे आल्या आणि दुसऱ्याच महिन्यात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून त्या पलंगावर, आणि सकाळी आठ ते रात्री आठ एक आया. ती बजबजहून लोकलने यायची, बालीगंजला उतरून ऑटोने आमच्याकडे. चाळिशीची, अंगाने बारीक, हाताला चलाख, बोलायला बेताची. मला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणायची आणि सासूबाईंना माशीमा, म्हणजे मावशी. मी तिला दीदी म्हणायचे आणि आमचं बोलणं हिंदी-बंगालीच्या खिचडीत चालायचं. सासूबाईंना मराठीशिवाय काही येत नाही. त्या मराठीत रागवायच्या, ती बंगालीत उत्तर द्यायची, आणि वर्षभरात दोघींचं इतकं जमलं की सासूबाई तिच्याच हातून जेवायला लागल्या. मी भरवायला गेले की तोंड मिटून घ्यायच्या. मला थोडं लागायचं, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटायचं. तिने सुट्टी मागितली की परत कधी येणार, हे मी तीनदा विचारायचे.

यादी पाठवून पंधरा दिवस झाले आणि मी मजकुराची फेरी सुरू केली. बायका इंग्रजी अक्षरांत बंगाली लिहायच्या, मला ते पुटपुटत वाचावं लागे. एका दुपारी त्या सहांपैकी एकीचं लिहिलेलं समोर आलं. मी जाते त्या घरच्या माशीमा दुसऱ्या मुलखाच्या आहेत, असं तिने लिहिलं होतं. त्यांना ताटात आधी पोळी लागते, भात शेवटी. आधी भात वाढला तर ताट सरकवतात. तुमच्या पेशंटची अशी काही सवय असेल तर पहिल्या दिवशी तेच विचारून घ्या, औषधांचं नंतर.

मी खुर्चीतून उठले आणि परत बसले. शेजारच्या खोलीत ती सासूबाईंचे केस विंचरत होती.

पुढे वाचायला नको होतं. मी वाचलं. तिचा एक प्रश्न होता. माशीमा संध्याकाळी पाचनंतर पाणीच पीत नाहीत, ओठ सुकले तरी नाही, काय करू? खाली सहांपैकीच एकीचं उत्तर होतं. रात्री कुणाला उठवायला लागू नये म्हणून पीत नसतील, रात्री त्यांच्याजवळ कोण असतं? सून असते, हिने लिहिलं होतं. मग सुनेला घाबरत असतील, तिसरीने लिहिलं. त्यावर हिचं उत्तर: सून वाईट नाही, दमलेली असते.

आमच्या तक्त्यात प्रत्येक वाक्याला एक रकाना होता. प्रश्न, उत्तर, आभार, इतर. हे शेवटचं वाक्य ‘इतर’मध्ये टाकायचं होतं. मी रकाना रिकामाच ठेवला. वर्षभर सासूबाई संध्याकाळनंतर पाणी पीत नव्हत्या, हे मला माझ्याच घरात बसून सहा अनोळखी क्रमांकांकडून कळत होतं. त्यातला एक क्रमांक अनोळखी नव्हता, आणि तो माझ्या यादीत होता.

दुसऱ्या दिवशी मी आडून आडून तिला विचारलं, हे सगळं कुठे शिकलात म्हणून. तिने सरळ सांगितलं. बजबजच्या बाजूच्या त्या सहा जणी, रोज एकाच गाडीला एकाच डब्यात. नेटचा फोन एकीकडेच, पार्क सर्कसला उतरणाऱ्या बाईकडे. हिच्याकडे बटणांचा. एक जण धडा मोठ्याने वाचायची, मग सगळ्या बोलायच्या, कुणाच्या पेशंटला काय होतं, कुणी काय करून बघितलं. सगळ्यांचं एकमत झालं की फोन हातोहात फिरायचा आणि प्रत्येक जण आपापल्या नावाने उत्तर द्यायची. चर्चेच्या पानावरही हेच बोलणं जायचं, जिला लिहायला जड जाई तिचं दुसरी लिहायची. परीक्षासुद्धा तशीच दिली. एकत्रच शिकायचं असतं ना, असं ती म्हणाली, धड्यात तसंच सांगत होते. सर्टिफिकेट मात्र कुणालाच आलं नव्हतं. एका नर्सिंग होमने तिला सांगून ठेवलं होतं की दुर्गापूजेच्या आधी सर्टिफिकेट आणून दाखव, वॉर्डात कायमची घेतो. मग इथलं सोडावं लागेल, असंही ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता सासूबाईंची चादर सारखी करत राहिली.

मला तेव्हाच बाईंना फोन करायला हवा होता. दोन मिनिटांचं काम होतं. मी केला नाही, कारण मला ती जायला नको होती. याला दुसरं कुठलंही कारण नव्हतं. नवऱ्याला मी अर्धवट सांगितलं, तर तो म्हणाला, ती कोण आहे हे तुला कळायलाच नको असा नियम आहे ना? मग तुला कळलेलं नाही. ते ऐकून मला बरं वाटलं, पण जेमतेम अर्धा तास.

चार दिवसांनी तिनेच गाठलं. तुम्ही दिवसभर कॉम्प्युटरवर असता, आमच्यासाठी ऑफिसला एक पत्र लिहून द्या. माझ्या कामाबद्दल तिला एवढंच ठाऊक होतं. तिचा ईमेल त्या सामायिक फोनवर काढलेला होता, पासवर्ड तिच्या छोट्या डायरीत मागच्या पानावर होता. तो मी माझ्या लॅपटॉपवर उघडला आणि जेवणाच्या टेबलाशी बसून इंग्रजीत पत्र लिहिलं. ती मागे उभी राहून सांगत होती. चांगलं पत्र झालं. फोन एक होता, माणसं सहा होतो, हे मी अगदी स्वच्छ मांडलं.

“गेलं?” तिने विचारलं.

“गेलं,” मी म्हटलं आणि लॅपटॉप मिटला.

ते गेलं नव्हतं. मी पाठवायचं बटण दाबलंच नव्हतं. संध्याकाळी एकदा वाचून पाठवू, असं मी स्वतःला सांगितलं. संध्याकाळी पाठवलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ती रोज आठला यायची, चपला काढायची, हात धुवायची आणि विचारायची, उत्तर आलं का, बौदी? मी नाही म्हणायचे. सात वाजल्यापासून मला त्या प्रश्नाची धास्ती बसायला लागली. सासूबाईंशी नीट बोलवेना. संध्याकाळी सहाला मी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला धरायचे आणि त्या मान फिरवायच्या. मी हट्टाने तशीच उभी राहायचे.

सहाव्या दिवशी बाईंचा फोन आला. ऑफिसात सहा तक्रारी आल्यात, तुझ्या यादीतल्याच, नावं खोडून पाठवते, बघ. मी उघडल्या. सहाही पत्रांत माझं इंग्रजी होतं. माझाच पहिला परिच्छेद, माझंच शेवटचं वाक्य. मी पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्याच सकाळी सात वाजता सगळी निघाली होती. न पाठवलेलं पत्र त्यांना गाडीत फोनवर दिसलं होतं. एकीने ते पाठवलं आणि बाकीच्यांनी उतरवून घेऊन आपापल्या नावाने पाठवलं.

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी पाच सकाळी ती माझ्यासमोर उभी राहून उत्तराचं विचारत होती, आणि पाच सकाळी मी तिच्या डोळ्यांत बघून नाही म्हटलं होतं. मी न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं. बाहेर यायचा धीर होईना.

बाई सरळ माणूस. नुसत्या तक्त्यांवरून केलेली यादी मी पुढे द्यायला नको होती, चूक माझी, असं त्या म्हणाल्या. सहाही जणींची परीक्षा परत घ्यायची, एकेकीची वेगळी, रविवारी एस्प्लनेडजवळच्या एका हॉलमध्ये. मी हो म्हटलं. बाकीचं काही बोलले नाही. परीक्षा होईल, तिला सर्टिफिकेट मिळेल, ती जाईल, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही, असा माझा हिशेब होता. त्या आठवड्यात तिने उत्तराचं विचारणं बंद केलं. ते जास्त वाईट होतं.

बुधवारी निकाल लागला. सासूबाईंचा वरणभात कालवता कालवता तिने मला सांगितला. पाच जणी पास, एक नापास. नापास झालेली त्यांच्यातली सगळ्यांत मोठी. माशीमा पाणी का पीत नाहीत ते जिने ओळखलं, तीच, असंही तिने सांगितलं. तिला वाचायला नीट येत नाही, ती ऐकून शिकलेली. हॉलमध्ये तिला एकटीला पडद्यासमोर बसवलं आणि ती पहिल्याच प्रश्नावर अडकली. आता तिला कामावर पाठवणारं आया सेंटर म्हणतंय, परीक्षेत नापास झालेली बाई आम्ही लोकांच्या घरी कशी पाठवू? आजपासून तिला काम नाही.

हे ती तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. पण मला दारात उभं राहवेना. मी आत जाऊन पलंगाच्या कडेला टेकले.

“दीदी, ते पत्र मी पाठवलं नव्हतं.”

“जानि,” ती म्हणाली. माहीत आहे. तिने मान वर केली नाही. एक घास सासूबाईंना भरवला, मग म्हणाली, “वाटलं होतं, एक दिवस सांगाल.”

मग मी दुसरंही सांगितलं. सहा जणींची सर्टिफिकेटं ज्या यादीमुळे अडकली ती मीच केली. तेव्हा मला माहीत नव्हतं. माहीत झालं तेव्हा गप्प बसले, कारण तुम्ही गेलात तर आईंचं कसं होईल, आणि माझं कसं होईल. हे तिला माहीत नव्हतं. तिचा हात ताटातच थांबला. मग तिने ताट खाली ठेवलं.

“मला ठेवून घ्यायचं होतं, तर मला तसं म्हणायचं,” ती म्हणाली. “बाकी पाच जणींनी तुमचं काय केलं होतं?”

त्या पाच जणी इतक्या दिवसांत माझ्या मनात एकदाही आल्या नव्हत्या. मला आठवत होती ती फक्त माझ्या घरातली एक.

सासूबाई आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होत्या. घास का थांबला ते त्यांना कळेना.

“काय म्हणतेय गं ती?” त्यांनी मला विचारलं.

काहीतरी थाप मारणं सोपं होतं. तिला मराठी कळत नव्हती आणि त्यांना बंगाली. पण मी एक शब्द न गाळता सगळं सांगितलं, यादी, पत्र, ती नापास झालेली बाई, आणि शेवटी दीदीचा प्रश्न. सासूबाई छताकडे बघत ऐकत राहिल्या. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं.

“मग सांग की तिला,” त्या म्हणाल्या. “ती विचारतेय.”