बोगद्याच्या तोंडाशी नऊ दिवस

आमच्या शेजारची बाई शाळेची दप्तरं शिवते. खिडकीपाशी मशीन, पलंगाखाली जाड कापडाचे तागे, आणि बोलणं अगदी मोजकं. नवरा बोगदे खणणारा. तो मात्र बोलघेवडा.

तिला सातवा महिना चालू असताना बोगदा ढासळला आणि नवरा सहा जणांबरोबर आत अडकला. ही नऊ दिवस बोगद्याच्या तोंडाशी लोखंडी खुर्चीवर बसून होती. रडली नाही. कुणी पुढ्यात ठेवलं तर दोन घास खायची. खणणाऱ्या यंत्राची घरघर थांबली की दोन्ही हात पोटावर घट्ट धरायची. नवव्या दिवशी सगळे जिवंत बाहेर आले. नवरा म्हणाला, "अगं, मी आत निवांत झोपा काढत होतो." त्यानंतर घरात तो विषय कधी निघालाच नाही. महिन्याभरात लेक झाली, दिवस भरायच्या आधीच.

मुलगी हुशार, पण भित्री. दार आपटलं की दचकायची, शाळेत जायच्या वेळी आईचा पदर सोडायची नाही. लाडावून ठेवलीय, असं लोक म्हणायचे, मीही म्हटलंय. सतराव्या वर्षी तिचा श्वास कोंडायला लागला, परीक्षेला बसेना. मग आई तिला मानसोपचारवाल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

त्यांनी आईला विचारलं, "ही पोटात असताना काही झालं होतं का?"

हा प्रश्न तिला आजवर कुणीच विचारला नव्हता. ते नऊ दिवस तिने लेकीसमोर पहिल्यांदाच सांगितले. सांगून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे हे माझ्यामुळे झालं?"

"छे. आईला मोठा धसका बसला तर तो काही अंशी पोटातल्या बाळापर्यंत पोचू शकतो. पण हेच कारण, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. कित्येक मुलांना काहीच होत नाही. तुमची चूक तर तिळभरही नाही. आणि हा त्रास उपचारांनी कमी होतो."

लेक आईकडे वळली. "मी पण होते तिथे," ती हळूच म्हणाली. "बाबांची वाट मी पण बघितली."

दुसऱ्या दिवशी कापड बेतता बेतता बाईने मला हे सांगितलं, तेव्हा तिची कात्री हातातच राहिली. "मला वाटायचं, मी तिथे एकटी होते हो. हिच्यापासून सगळं लपवून ठेवलं, आणि हिच्या अंगाला ते आधीच ठाऊक असेल तर?" मी मनात म्हटलं, जन्माला यायच्या आधीच एखाद्या जिवाने केवढं सोसलेलं असू शकतं!

दीड वर्ष उपचार चालले. पुढच्या परीक्षेला मुलगी बसली आणि पास झाली. आता ती जमीन मोजणीच्या कामावर आहे. उघड्या माळावर दुर्बीण लावून उभी असते. अजून दचकते. मग छातीवर हात ठेवून चार संथ श्वास घेते, आणि पुढचं माप घ्यायला लागते.