परबकाकांची चिमूटभर मदत

परबकाका कुठलंही पाणी आधी बोटाने जिभेवर लावून पाहत. माटुंग्याच्या आमच्या प्रयोगशाळेत ते काचसामान धुण्याच्या कामावर होते, आणि तिथे ही सवय म्हणजे यमाला निमंत्रणच. मी रागावले की म्हणत, "बाय, पंचवीस वर्सां मिलच्या रंगखात्यात काढलंय. पाण्याक जीभ लावल्याशिवाय रंगाचो भरवसो नाय." संपात मिल गेली, रंगखातं गेलं; काकांची जीभ तेवढी अजून कामावर होती.

मी तेव्हा डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म कणांवर औषध चढवण्याच्या खटपटीत होते. कण एका विद्युतभाराचे, औषध उलट भाराचे. म्हणून ती एकमेकांना ओढून चिकटतात. माझ्याकडे मात्र जेमतेम चिकटत होती. दिवाळीपर्यंत जमलं नाही तर विषय बंद, असं सरांनी बजावलं होतं. माझा पडलेला चेहरा बघून काका म्हणाले, "रंग चढाक नाय काय आमी मीठ घालू. मीठ पडला काय रंग सुताक घट्ट धरता." मी हसून मान डोलावली. तिथेच चुकलं.

त्यानंतर औषध चढेचना. महिनाभर मी डोकं धरून बसले. मग एका दुपारी काका माझ्या बाटल्यांत चिमटीने मीठ सोडताना दिसले. सुतावर रंग चढवणारं मीठ इथे नेमकं उलटं वागत होतं. पाण्यात विरघळून कण आणि औषध यांच्यातली ओढच कमी करत होतं.

"तुमच्या मिलचं वाटोळं झालं, आता माझंही करा!" मी सगळ्यांदेखत ओरडले.

काकांनी फडक्याला हात पुसले. "तुज्या बऱ्यासाठीच केलंय गो," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आले नाहीत.

खरं तर त्या बिघडलेल्या बाटल्यांनीच मला तारलं. मग मी मीठ मोजून घालू लागले, आणि मिठामुळे औषध किती कमी चढतं हाच माझ्या प्रबंधाचा विषय झाला. हे काकांना सांगायला हवं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. लाज वाटत होती. पदवी मिळाल्यावर पेढे घेऊन लालबागच्या त्यांच्या चाळीत गेले, तर भिंतीवर काकांच्या फोटोला हार होता.

काकूंनी पाणी दिलं. "शेवटपर्यंत अळणी जेवले," त्या म्हणाल्या. "मी मीठ वाढलंय तर ताट सारीत. म्हणत, पोरीचा वरीस माज्यापायी फुकट गेला. तिचा बरा झाल्याचा कळला काय मगे घाल."

अजूनही पानात मीठ वाढलं की काका समोर बसलेले दिसतात. माटुंग्याहून लालबागला बसने अर्धा तास लागतो. मी दोन वर्षं गेले नाही.