बुरशीमावशींची चार झाडं

बुरशीमावशी कुणाच्याही घरी गेल्या की चहाच्या आधी कुंडीतलं रोप उपटून मुळं बघत. "पानं काय, पाहुण्यांसाठी असतात," म्हणत आणि यजमानीणबाईंच्या चेहऱ्याकडे न बघता रोप परत लावून देत. अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीतल्या निम्म्या तुळशी त्यांनी अशा हलवल्या असतील.

पूर्वी त्या अकोल्याला माती तपासायच्या. इथे तळघरात दिव्यांखाली त्यांनी गांजाची चार झाडं लावली होती. त्यांच्या यजमानांची, म्हणजे काकांची, किमो चालू होती, ताट बघूनच त्यांना उमळून यायचं. गांजाच्या फुलांचं तूप डॉक्टरांना विचारून घेतलं की चार घास जात. विकतच्या गोळ्यांनी काकांना गरगरायचं, म्हणून घरचं. आधीच्या झाडांचं तूप संपत आलं होतं. नवी फुलं वेळेत आली नाहीत तर काका उपाशी, इतकं ते सरळ होतं.

आमच्या मंडळातले लोक व्हिस्कीचा ग्लास हातात धरून मावशींना "गांजावाली" म्हणत. राज्याच्या कायद्याला चालतं, यांना चालत नाही. मी तेव्हा औषधी गांजाच्या बाजूने पत्रकं वाटत फिरायचे, माझं डोकंच फिरायचं. मावशी मात्र मला तळघराच्या पायरीवर अडवत. "मी सिटिझन, तू व्हिसावर. वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्राचा, कायदा वेगळा आहे. झाडाला हात लावायचा नाही."

खतांच्या बाटल्यांवर त्यांचा राग. रोप लावतानाच त्या मुळांना एक भुरकट पूड चोळत, तीच ती त्यांच्या नावातली बुरशी. "हिचे धागे मुळांच्याही पुढे जातात, पाणी आणि मातीतलं स्फुरद ओढून आणतात. रोप हिला साखर देतं. वरून बाटली ओतलीस की रोप म्हणतं, आता हिची गरज काय? झालं, काढलं घराबाहेर."

एकदा त्या काकांना घेऊन हॉस्पिटलात होत्या आणि घर माझ्यावर होतं. तळघरात एका झाडाची पानं पिवळी दिसली. आमच्या घरी झाडाला काहीही झालं की हळदीचं पाणी. मी तांब्याभर ओतलं.

मावशी परत आल्या, मातीचा वास घेतला. "हात लावला?"

"हात नाही, तांब्या लावला."

"शहाणे, हळद बुरशी मारायला घालतात. मी तीच मुद्दाम आणून लावलीय."

ओरडल्या नाहीत. बाहीने कपाळ पुसून त्यांनी ती माती काढली, मुळांना पुन्हा पूड चोळली. ते झाड मागेच राहिलं. उरलेली तीन मात्र वेळेवर फुलली, आणि त्या आठवड्यात काकांनी पिठलं-भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

मी लगेच नव्या पत्रकाचा मथळा वाचून दाखवला: गांजाने कॅन्सर हरला.

मावशी भात वाढता वाढता थांबल्या. "हरला कुठे? खोटं छापू नकोस. ते जेवले, एवढं लिही."

"मावशी, एवढंसं कोण वाचणार यार?"

"ज्याच्या घरी कुणी जेवत नाहीये, तो वाचेल."

काका त्यानंतर आठ महिने होते, आणि बहुतेक दिवस जेवून होते. मावशी आता अ‍ॅशबर्नला मुलीकडे राहतात. पत्रकं मी अजून काढते, भांडतेही. पहिल्या ओळीत लिहिते: आमचे काका जेवले.